काळजी आणि क्षमत्व

मराठी भाषेंत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन क्रियापदांशीं जोडला म्हणजे दोन निरनिराळ्या वृत्तींचा वाचक होतो, ही गोष्ट नित्याच्या बोलण्यांत मुरून गेल्यामुळें सहसा आपल्या लक्षांत येत नाहीं. आपण मुलाची काळजी घेतों आणि मुलाची काळजी करतों. पहिल्या प्रयोगांत हात गुंतलेले असतात, दुसऱ्यांत मन गुंतलेलें असतें. घेतलेल्या काळजीला कोठें तरी शेवट असतो. जखम धुऊन बांधली, औषध वेळेवर दिलें, म्हणजे तितक्यापुरतें तें काम पुरें होतें. केलेल्या काळजीला असा शेवट नाहीं, कारण तिचा विषय अजून न घडलेली गोष्ट हा असतो, आणि न घडलेल्या गोष्टी अगणित आहेत. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण ‘काळजी घे’ असें सांगतों व तो आपल्याला ‘काळजी करूं नका’ असें उत्तर देतो. व्यवहारांत हा भेद आपल्या पूर्ण परिचयाचा आहे. प्रश्न एवढाच आहे, कीं ज्याला जन्मभर सोबत करणारा रोग जडला आहे त्याला हा भेद पाळतां येतो काय. आणि येत असल्यास तो कशाच्या बळावर?

ह्या प्रश्नाची कसोटी पाहण्यास मधुमेहासारखा दुसरा रोग नाहीं. हिंवताप येतो आणि जातो. हाड मोडतें आणि सांधतें. मधुमेह एकदां घरांत शिरला म्हणजे बहुधा घरचाच होऊन राहतो. शिवाय त्याचें एक वैशिष्ट्य असें, कीं त्यांत रोग्यालाच दिवसांतून अनेक वेळां वैद्याचें काम करावें लागतें. काय खावें, किती चालावें, गोळी केव्हां घ्यावी, सुई किती टोचावी, हे निर्णय दवाखान्यांत क्वचित् आणि घरांत रोज होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोक मधुमेही आहेत. प्रौढांत त्यांचें प्रमाण शेंकडा ११.४ आणि केवळ खेड्यांपुरतें पाहिलें तर शेंकडा ८.९ पडतें. हा श्रीमंतांचा व शहरांचा रोग आहे ही समजूत त्या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी तालुक्यांत, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगरकडा नांवाचें गांव आहे. नांव डोंगराच्या कड्याचें असलें तरी ह्या परिसराची आजची ओळख पाण्याखालच्या शेतांची, उंसाची आणि केळीच्या बागांची आहे. जो शेतकरी वर्षभर ऊंस जोपासतो त्याच्याच रक्तांत साखर वाढली असें निदान व्हावें, हा दैवाचा विनोद आहे असें म्हणून हळहळण्याचा मोह सहज होईल. पण अशा गांवांत हा रोग खरोखर कोठें भेटतो हें पाहिलें तर हळहळण्यापेक्षां विचार करण्याजोगें अधिक सांपडतें. तो पंगतींत भेटतो. लग्नांत बुंदी वाढणारा यजमान ‘एवढ्याशानें काय होतें?’ म्हणून आग्रह करतो. संक्रांतीला शेजारीण तिळगूळ हातावर ठेवते. देवळांत प्रसाद म्हणून केळें मिळतें. आणि ह्यांपैकीं कशालाहि नको म्हणणें म्हणजे पदार्थाबरोबर प्रेमहि नाकारणें असें दिसतें. तो शेतांतहि भेटतो. ऊंस तोडून नेल्यावर जमिनींत त्याचे टोंकदार बुडखे राहतात. मधुमेहानें ज्याच्या तळपायांची संवेदना मंदावली आहे त्याला बुडखा लागल्याचें कळत नाहीं. संध्याकाळीं पाय धुतांना रक्त दिसतें तेव्हां कळतें. शेजाऱ्यानें दिलेलें खाणें आणि आपल्या शेतांत अनवाणी चालणें, ह्या माणसाच्या अगदीं सहज गोष्टी. पण मधुमेही माणसाला त्या विचार करून ठरवाव्या लागतात. सहजपणा गमावणें ही ह्या रोगाची पहिली किंमत होय, आणि ती कोणत्याहि तपासणीच्या कागदावर लिहिलेली नसते.

दुसरी किंमत दोषाची. ‘गोड फार खाल्लें म्हणून झालें’ असा निकाल गांव देऊन टाकतो, आणि रोगीहि तो निमूटपणें मान्य करतो. आपल्या प्राचीनांनीं मात्र इतकी घाई केली नव्हती. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार मानले आहेत: एक अपथ्यानें होणारा आणि दुसरा सहज, म्हणजे जन्माबरोबर येणारा. त्या भेदांतील दुसऱ्या बाजूस अर्वाचीन संशोधनानें अनपेक्षित बळ दिलें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा व पुढें त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथें जन्मलेल्या बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें, तर इंग्लंडांतील साउदम्प्टन येथील बालकांचें सुमारें ३.५ किलो. आमचीं बालकें हडकुळीं खरीं, परंतु त्यांच्या अंगांत मांस जितकें कमी होतें तितकी चरबी कमी नव्हती. वरून कृश आणि आंतून मेदयुक्त अशी ही ठेवण मातेच्या उदरांतच घडते आणि पुढें मधुमेहाला वाट करून देते, असें त्यांचें प्रतिपादन आहे. हॉलंडांत १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जो दुष्काळ पडला, त्या वेळीं गर्भांत असलेल्या लोकांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली तेव्हां त्यांचीं शरीरें साखर पचविण्यांत उणीं ठरलीं. मराठवाड्यानें १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या सालच्या उपाशी मातेच्या उदरांत जें मूल होतें तें आज पन्नाशी ओलांडून गेलें आहे. त्याच्या रोगाचा हिशेब मांडतांना केवळ त्याच्या ताटांतील जिलब्या मोजणें हा न्याय नव्हे. पथ्य पाळणें हें त्याचें कर्तव्य खरें. पण कर्तव्य पुढच्या काळासाठीं असतें, आणि दोष देण्यास मागचा काळ पुरता ठाऊक असावा लागतो.

आतां भीतीकडे वळूं. मधुमेही मनुष्य आपल्या रोगाला जितका भितो त्याहून अधिक दुसऱ्या रोगांना भितो. ‘माझी प्रतिकारशक्तीच गेली’ हे त्याचे शब्द. ही भीति निराधार आहे असें म्हणणें खोटेपणाचें होईल. रक्तांत साखर फार वाढलेली राहिली म्हणजे जंतूंवर धांवून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, जखमा चिघळतात, क्षय जडण्याचा संभव इतरांच्या दुप्पट-तिप्पट होतो. उलटपक्षीं ताप आला कीं साखर आणखी चढते, म्हणजे एक संकट दुसऱ्याला बोलावून आणतें. २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या सांथींत ह्या भीतीला प्रत्यक्ष रूप आलें. दुसऱ्या लाटेंत स्टेरॉइड औषधांनीं अनेकांचे प्राण वांचले, पण त्यांनींच साखर भडकली, आणि ज्यांची ती आटोक्यांत नव्हती अशांपैकीं कित्येकांना ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या म्यूकरमायकोसिसनें गांठलें. त्या वर्षीं महाराष्ट्रांत अनेक लोक करोनांतून वांचून डोळा किंवा जबडा गमावून घरीं परतले. तें ज्यानें पाहिलें त्याला ‘भिऊं नकोस’ असा कोरडा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला पोंचतो?

पण भीति खरी असली तरी तिनें मागितलेली वस्तु खरी असतेच असें नाहीं. भ्यालेला मनुष्य काय मागतो? तो अभय मागतो. आणि अभय मागणाऱ्याला तें विकणारे तत्काळ भेटतात. सांथीच्या त्या दोन वर्षांत काढे, चूर्णें, गोळ्या, सर्व कांहीं ‘इम्यूनिटी’च्या नांवानें खपलें. ह्या शब्दाचा मूळ अर्थ मोठा बोलका आहे. प्राचीन रोमन लोकांत, ज्याला सरकारी कर व सार्वजनिक चाकरी माफ झाली आहे, त्याच्या स्थितीला हें नांव होतें. रोगाशीं त्याचा संबंध पुष्कळ मागाहून जडला. आमच्या मराठवाड्याला ही कल्पना समजावून द्यावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि सारा माफ असलेल्या इनाम जमिनी येथें गांवोगांव होत्या. सगळें गांव सारा भरी आणि इनामदार भरीत नसे. शरीराच्या बाबतींत आपण हीच माफी मागत असतों: सगळ्यांना रोग होवोत, मला तेवढा न होवो. पण शरीराची जमीन कोणालाहि इनाम मिळालेली नाहीं. निरोगी मनुष्यहि सारा भरतोच. त्याचा हप्ता पुढच्या तारखेचा असतो, एवढेंच. जी वस्तु जगांत नाहीं तिच्यासाठीं कोणी किंमत मागत असेल तर तो व्यापार कोणत्या जातीचा हें निराळें सांगावयास नको. आणि कारल्याच्या रसावर किंवा जांभळाच्या बियांच्या चूर्णावर भरंवसा ठेवून जो मधुमेही चालू असलेलें इन्सुलिन सोडून देतो, तो ह्या व्यापारांत पैशाहून मोठें मोल देऊन बसतो.

आपल्या आयुर्वेदानें ह्याच विषयाला दिलेला शब्द अधिक प्रामाणिक आहे. चरकसंहितेंत ‘व्याधिक्षमत्व’ असा शब्द येतो. ‘क्षम्’ ह्या धातूंत सोसणें आणि समर्थ असणें हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. अकराव्या शतकांतील टीकाकार चक्रपाणिदत्त यांनीं त्याचा खुलासा दोन अंगांनीं केला आहे: आलेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणें, आणि व्याधि उत्पन्न होण्यास प्रतिबंध करणें. ह्यांत माफीची भाषा नाहीं. व्याधि येईल हें गृहीत धरून ती आल्यावर तिच्यापुढें किती टिकाव धरतां येतो, हा येथें प्रश्न आहे. त्याहून मार्मिक गोष्ट अशी, कीं व्याधि सोसण्यास असमर्थ अशीं जीं शरीरें चरकानें सांगितलीं आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश यांच्या बरोबरीनें अल्पसत्त्व, म्हणजे दुर्बळ मनाचींहि, गणलीं आहेत. मनाचा कणखरपणा हा शरीराच्या बळाचाच एक घटक आहे असें त्या प्राचीन वैद्यानें मानलें.

आणि ह्या मानण्याला आजच्या शरीरशास्त्रांत आधार आहे. माणूस भयभीत झाला म्हणजे शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करतें. त्यासाठीं जे स्राव रक्तांत उतरतात त्यांच्या प्रभावानें यकृत आपल्या सांठ्यांतील साखर बाहेर सोडतें. वाघ समोर असेल तर ही साखर उपयोगाची. पण अंथरुणावर पडून उद्यांच्या तपासणीचा विचार करणाऱ्याला कोठेंच पळावयाचें नसतें, आणि ती साखर रक्तांत तशीच राहते. साखरेची काळजी केल्यानें साखर वाढते हें केवळ सुभाषित नसून शरीराचा व्यवहार आहे. मधुमेहाचा जो पहिला प्रकार बहुधा लहान मुलांना व तरुणांना होतो, त्यांत तर याहून विलक्षण प्रकार दिसतो. तेथें शरीराची संरक्षक शक्ति दुबळी झालेली नसते. ती वाट चुकलेली असते. स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींनाच शत्रु समजून ती त्यांचा नाश करते. पहाऱ्यासाठीं ठेवलेल्या शिपायानें घरधन्यालाच चोर समजून मारावें, तसें हें आहे. तेव्हां ‘प्रतिकारशक्ति वाढवा’ एवढें सांगून भागत नाहीं. त्या शक्तीला आपलें कोण आणि परकें कोण याचा विवेक असावा लागतो. काळजी ही मनाची प्रतिकारशक्ति आहे. योग्य ठिकाणीं ती रक्षण करते. विवेक सुटला म्हणजे ज्याचें रक्षण करावयाचें त्याच जीविताला ती कुरतडूं लागते.

याचा अर्थ बेफिकिरी बरी, असा मात्र नाहीं. काळजी करणाऱ्याच्या विरुद्ध टोंकाला जो उभा आहे, तो तपासणीच करून घेत नाहीं. ‘कळलें नाहीं तोंवर बरें’ हें त्याचें तत्त्वज्ञान. तो निर्भय दिसतो, पण त्याच्या मनाचा तळ पाहिला तर तेथें भीतीच आढळेल. पहिला भीतीनें रोज कागद उघडतो आणि दुसरा भीतीनें तो कधींच उघडीत नाहीं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी रक्तपरीक्षा आहे ती ह्या दोघांनाहि उपकारक ठरावी. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात व तेवढ्या काळांतील साखरेची खूण बाळगतात, म्हणून ती परीक्षा एका दिवसाच्या चुकीवर फांशी देत नाहीं आणि एका दिवसाच्या उपासावर सन्मानहि करीत नाहीं. माणसाच्या आचरणाचाहि न्याय असाच व्हावयास हवा. ऊंस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊं नये, असें आपल्यांत म्हणतात. पथ्यालाहि ती म्हण लागू करावयास हरकत नाहीं. पथ्य चांगलें म्हणून त्यांत जगण्यासकट सर्व कांहीं बुडवून टाकणें हाहि अतिरेकच.

येथवर आल्यावर एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. काळजी घ्यावी, काळजी करूं नये, हें सांगणें सोपें. पण काळजी घेण्याला साधन लागतें. ज्याच्या घरापासून दवाखाना दूर आहे, ज्याला रक्त तपासावयाला जाण्यासाठीं दिवसाची मजुरी बुडवावी लागते, ज्याच्या घरांत फ्रीज नाहीं आणि वैशाखांत इन्सुलिनची कुपी ओल्या मातीच्या मडक्यांत ठेवून गार राखावी लागते, त्याला आपण कोणती काळजी घ्यावयास सांगतों? सत्य हें आहे, कीं जेथें काळजी घेण्याचें साधन नाहीं तेथें काळजी करण्यावांचून माणसाच्या हातीं कांहीं उरत नाहीं. गरिबाची चिंता हा पुष्कळदां त्याच्या मनाचा दुबळेपणा नसतो. समाजानें न घेतलेल्या काळजीची ती बाकी असते. म्हणून हा प्रश्न एकट्या रोग्याच्या मनोनिग्रहाचा नाहीं. मधुमेहासाठीं व त्यासारख्या इतर रोगांसाठीं सरकारनें २०१० सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. खेड्यांतील आरोग्यकेंद्रांत गोळी आणि सुई खंड न पडतां मिळते कीं नाहीं, यावरून त्या कार्यक्रमाचें मोल ठरेल. आणि जितकी ती मिळेल तितकी एकेका घरांतील चिंता कमी होईल.

ह्या बाबतींत इन्सुलिनचा इतिहासच एक धडा आहे. कॅनडांतील टोरांटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं तें शोधून काढलें, तोंवर ह्या रोगाच्या मुलांना उपाशी ठेवून कांहीं महिने मरण लांबविणें, एवढाच उपाय होता. १९२२ च्या जानेवारींत लिओनार्ड थॉम्पसन नांवाच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. पहिली मात्रा अशुद्ध निघाली. कॉलिप यांनीं शुद्ध केलेली दुसरी मात्रा लागू पडली. त्या शोधाचे हक्क संशोधकांनीं १९२३ सालीं टोरांटो विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला देऊन टाकले, कारण तें औषध कोणा एकाच्या मुठींत राहूं नये अशी त्यांची इच्छा होती. लिओनार्ड पुढें तेरा वर्षें जगला आणि १९३५ सालीं न्यूमोनियानें वारला. मधुमेही ज्या अन्य रोगाची भीति बाळगतो, नेमक्या तशाच रोगानें त्याला नेलें. मग ती सुई व्यर्थ गेली काय? त्याला माफी मिळाली नाहीं, हें खरें. परंतु मरणाच्या दारांतून परत फिरलेल्या त्या मुलाला तेरा वर्षांचें तारुण्य लाभलें, आणि त्या तेरा वर्षांतील प्रत्येक दिवस अनेकांनीं घेतलेल्या काळजीनें उभा होता. अभय आणि आयुष्य ह्या दोन वस्तु निराळ्या आहेत. पहिली कोणालाच मिळत नाहीं, आणि तिच्या हट्टापायीं आपण दुसरी हातची घालवितों.

उरला प्रश्न घरच्यांचा. मधुमेही माणसाची काळजी करणारीं माणसें त्याच्याहून अधिक थकतात. पत्नी ताटाकडे पाहते, मुलगा साखरेच्या डब्याकडे, आणि वडीलधारा मनुष्य आपल्याच घरांत लहान मुलासारखा चोरून खाऊं लागतो. येथेंहि तोच भेद उपयोगी पडतो. ‘आबा, गोड नको’ असें दहा वेळां बजावणें म्हणजे काळजी करणें. सगळ्यांच्याच ताटांतलें गोड थोडें कमी करून आबांना पंगतींत एकटें पडूं न देणें म्हणजे काळजी घेणें. यजमानानेंहि आग्रहाची रीत थोडी बदलावी. प्रेम दाखवावयाला बुंदीच लागते असें नाहीं. पंगतींत शेजारीं बसून दोन शब्द बोलल्यानें तें अधिक पोंचतें.

तेव्हां ज्याला हा रोग आहे त्यानें आपल्या दिवसाची वांटणी करावी. जेवढें आपल्या हातीं आहे तेवढ्याला दिवसांतला एक ठराविक वेळ द्यावा: गोळी अथवा सुई, मोजकें अन्न, चालणें, पायांत वहाण, वेळेवर तपासणी, मिळेल ती लस. रात्रीं निजण्यापूर्वीं दिव्याशीं बसून दोन्ही तळपाय नीट पाहावेत. स्वतःला वांकवत नसेल तर नातवाला पाहावयास सांगावें. कांहीं टोंचलेलें, चिरलेलें आढळलें तर तें धुऊन बांधावें आणि सकाळीं आरोग्यकेंद्र गांठावें. कांहीं आढळलें नाहीं तर त्या दिवसाची काळजी घेऊन झाली असें समजावें आणि दिवा मालवावा.